एकदा ‘या’ म्हटलं की

माझा रक्तपिपासू नायक जळकोटात, हायवेच्या कडेला, पत्र्याच्या दुकानात भर दुपारी जन्माला आला. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. लाइट गेली की मशीन बंद, गिऱ्हाईक सावली धरून बसतं, आणि मी मोबाइलवर लिहीत बसते. कुणी विचारलं, काय चाललंय, तर सांगायची, फॉर्म भरायले. ते पटायचं, कारण फॉर्म भरतानाही माझं तोंड असंच वाकडं असतं.

लोकांना वाटतं, असल्या गोष्टी लिहिणारी बाई मध्यरात्री दिवा लावून बसत असेल. मी साडेनऊला घोरत असते. अंधारात मला झुरळाचीसुद्धा भीती वाटते. माझ्या नायकाला मात्र ऊन सोसत नाही, त्यामुळं त्याला जळकोटात ठेवता येईना. इथल्या उन्हाळ्यात साधी माणसं करपतात, तिथं त्याची काय कथा? शेवटी त्याला मी येडशीला नेलं. तिथं रानाची सावली आहे आणि स्टेशन आहे. दिवेलागणीला गाडीतून उतरायचं आणि झाडीतनं चालत यायचं, असं त्याचं ठरवून दिलं. एका ॲपवर दर शुक्रवारी एक भाग टाकायची. वाचणाऱ्या बहुतेक बायका. भाकरी टाकता टाकता, पोराला झोपवता झोपवता वाचणाऱ्या. त्यांनी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला.

आमच्या अव्वाला मात्र हा प्राणी समजावून सांगता सांगता माझ्या नाकीनऊ आले. अव्वा म्हणजे आमची आई. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालतं, त्यामुळं आई अव्वा आणि बाप अप्पा.

“म्हंजे मुंजा का?” तिनं विचारलं.

“न्हाय गं.”

“मग वेताळ?”

“वेताळ पण न्हाय. हा माणसातच राहतोय. देखणा आहे. आणि रगत पितोय.”

“शिव शिव,” अव्वा म्हणाली. आम्ही शुद्ध शाकाहारी, आमच्यात अंडंसुद्धा चुलीजवळ येत नाही. “आणि त्याच्यावर पोरगी भाळती?”

“भाळती.”

अव्वानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की जणू माझंच लग्न त्याच्याशी ठरलंय.

पण खरं सांगायचं तर तो नायक मी काही हौसेनं काढला नव्हता. तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी काढला होता. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तिला थॅलेसेमिया होता. गावात कुणाला तो शब्द उच्चारता यायचा नाही. कुणी थालीसिमा म्हणायचं, कुणी नुसतंच ‘रगताचं’. तिच्या अंगात रक्त टिकायचं नाही. दर तीन आठवड्यांनी अप्पा तिला एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात न्यायचे, तिथं कुणा अनोळखी माणसाचं रक्त तिला चढवायचे, आणि संध्याकाळी ती गालावर थोडा रंग घेऊन परत यायची. दहाव्या दिवसापर्यंत घरभर बडबड. अठराव्या दिवशी ओट्यावर चढताना दम लागायचा आणि ओठ पांढरेफटक पडायचे. तिच्या जन्मापासून आमच्या घराचा महिना असा एकवीस दिवसांचाच होता.

त्या आजारानं तिच्या चेहऱ्याची हाडंही वाढली होती. गाल वर आलेले, वरचे दात पुढं. शाळेत तिला दाताडी म्हणायचे. हसताना ती ओढणी नाहीतर तळहात तोंडावर धरायची. तिला हसू फार यायचं, त्यामुळं तो हात सारखा वर.

चुलत भावाच्या साखरपुड्याला आमच्याच घरी पाहुणे जमले होते. सोनारीला दिलेली आमची आत्या स्वैपाकघरात एका बाईला सांगत होती, “दर म्हैन्याला दुसऱ्याचं रगत प्यावं लागतंय बघा पोरीला. कोण करून घेईल?” आत्या वाईट बाई नाही. सोनारीहून येताना ती भैरवनाथाचा अंगारा माझ्या बहिणीसाठी न विसरता आणायची. पण ‘प्यावं’ म्हणाली. बहीण चुरमुऱ्याची ताटली घेऊन दाराआड उभी होती.

ती सरळ माझ्याकडं आली. ताटली खाली ठेवली. मला वाटलं, आता रडणार. तर तोंडावर हात धरून खुदकन हसली.

“अक्का, आत्या म्हणायल्या म्या रगत पिते.”

“त्यांच्या जिभेला काही हाड हाय का?”

“खरंच हाय की. पिशवीनं पिते, एवढंच. तू लिही ना माझ्यावर. पण मला पोरगा कर. आणि देखणा कर. आणि शेवटाला मारू नको.”

ती मोबाइलवर परदेशी मालिका बघायची, हिंदीत बोलणाऱ्या. त्यातले ते फिकट तोंडाचे, दुःखी, शतकानुशतकं जगणारे पुरुष तिला पाठ होते. मी त्या मालिकांना नावं ठेवायची. तिचं म्हणणं एकच, “त्याला लाज वाटती बघ, अक्का. रगत घेताना लाज वाटती. म्हणून तो मला आवडतो.”

मग मी लिहायला लागले. आपल्या भुतांचा मी आधी विचार करून पाहिला, पण ती कामाची निघाली नाहीत. आपल्या भुतांचं काहीतरी राहिलेलं असतं. मुंज झाली, लग्न राहिलं. बाळंतपणात गेली, लेकरू राहिलं. ते राहिलेलं द्या, नारळ फोडा, भूत जातं. त्यांच्याविषयी कुणाला प्रेम वाटत नाही, घाई वाटते. ह्याचं मात्र काही राहिलेलं नसतं. ह्याला फक्त माणसात राहायचं असतं, आणि माणसात राहण्यासाठी माणसाचंच रक्त लागतं. त्याला जगायचं असतं आणि जगल्याची शरम वाटते. असं एक माणूस आमच्या घरात ताटाला ताट लावून जेवत होतं, मला लांब शोधायला जावं लागलं नाही.

त्याची भूक मी तीन आठवड्यांची ठेवली. अठराव्या दिवशी त्याला जिना चढवेना. हसताना तो दातांवर हात धरायचा. त्या हातावर तर बायका वेड्या झाल्या. “काय लाजतो हो!” “हा हात मला काळजात लागला.” मी बहिणीला त्या कमेंट वाचून दाखवायची. एकदा तिनं सगळ्या ऐकल्या. मग म्हणाली, “पोरानं धरला की लाजणं. म्या धरला की दाताडी.” मी पुढची कमेंट वाचली.

तिच्या सूचना बारीक असायच्या. एकदा दवाखान्यातून आल्यावर म्हणाली, “आज कुणातरी मटन खाणाराचं चढवलंय. मला उगंच सुकं खावंसं वाटायलंय.” अव्वानं कानावर हात ठेवले. मग माझ्याजवळ बसून ती म्हणाली, “तुझ्या त्याला निदान कळतं, आपण कुणाचं प्यालाव ते. माझ्या पिशवीवर नुसता नंबर असतो. उपकार मानायला पण कुणी सापडत न्हाय.” मी ते पुढच्या भागात घातलं, उलटं करून. माझा नायक ज्याचं घेतो त्याला आधी नाव विचारतो आणि शेवटी हात जोडतो. त्या भागावर सगळ्यात जास्त कमेंट आल्या. एकीनं विचारलं, “ताई, तुम्हाला हे सगळं सुचतं कसं?” मी लिहिलं, सुचतं कधी कधी. बहिणीनं वाचलं आणि मला चिमटा काढला.

दुसऱ्या एकीनं शंका काढली होती, की आपल्यात तर जाळतात, मग हा परत येणार कसा? मी उत्तर दिलं, “आमच्यात पुरतात.” खरंच पुरतात. कपाळाला विभूती लावून, बेलपानं घालून, बसवून. शेताच्या बांधाला आमच्या आजोबांची, पणजोबांची जागा आहे. ते उत्तर टाईप करताना मला हसू येत होतं. हे मी विसरू शकत नाही.

आता मुद्द्याचं सांगते. असल्या गोष्टींचा एक नियम असतो. घरातल्या माणसानं बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. माझी नायिका येडशीच्या एका मास्तरांची मुलगी. मास्तर कडक. तो दारात उभा, ती आत, आणि मास्तर काही त्याला बोलवेनात. मी तीन भाग त्याला दारातच उभं केलं. वाचक वैतागले. मीही वैतागले, कारण मास्तरांच्या तोंडून ‘या’ कसं काढावं ते सुचेना.

एका दुपारी दुकानात चहा पिताना बहिणीनं तो पेच सोडवला. बशीत चहा ओतता ओतता थांबली आणि म्हणाली, “अक्का, तू येडी हायस. आपल्यात कुणी जातो म्हणतंय का?”

“म्हंजे?”

“जाताना माणूस काय म्हणतंय? येतो म्हणतंय. आणि घरातलं काय म्हणतंय? या म्हणतंय. तो पयल्यांदा चार माणसात पाहुणा म्हणून ओसरीवर आलता का न्हाय? मास्तरांनी पाणी पाजलं. निघताना तो म्हणला, येतो. मास्तर पेपरातनं डोकं वर न काढता म्हणले, या. झालं की! एकदा या म्हटलं की म्हटलं. त्याला आता कोण अडवतंय?”

‘जातो’ म्हणणं अपशकुनाचं, म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या निघणाऱ्याला परत बोलावत आलोय, आणि त्यात आपण कुणाकुणाला आत घेऊन ठेवलंय हे कुणाच्या ध्यानातही आलेलं नाही. कानडीतही तेच. होगी बर्तीनी, जाऊन येते. होगी बा, जाऊन ये. दोन्ही भाषांत दार सताड उघडं. आम्ही दोघी इतक्या हसलो, की फॉर्म भरायला आलेला म्हातारा विचारायला लागला, “काय झालं गं पोरींनो?” त्या दुपारी ती तोंडावर हात धरायला विसरली होती.

मी चांगली बहीण होते असं कुणी समजू नये. मला पाहायला येणारे तिला पाहून परत जायचे. मग माझ्या रक्ताची तपासणी मागायचे. माझ्यातही तो दोष निम्मा निघाला, अव्वा-अप्पांसारखा. पुन्हा कुणी आलं नाही. काही दिवस असे गेले, की ती ओट्यावर धापा टाकत असायची आणि मी झेरॉक्सच्या कागदांकडं बघत मनात म्हणायची, हिच्यापायी माझं हे झालं. ती ओळखायची. म्हणूनच ती मला सारखी हसवायची, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटायचं, पोरगी उथळ आहे.

चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर अंगात लोह साठतं. ते काढायच्या गोळ्या असतात, पण तिला त्या सोसायच्या नाहीत, उलट्या व्हायच्या. बावीस वर्षांचं लोह हळूहळू हृदयात जाऊन बसलं. डॉक्टरांनी अप्पांना ते समजावून सांगितलं होतं. अप्पांनी ते आम्हाला सांगितलं नाही. मीही फार विचारलं नाही.

तो गुरुवार होता, तिचा रक्ताचा दिवस. दुसऱ्या दिवशी भाग टाकायचा होता आणि माझा अर्धाही झाला नव्हता. मी सकाळी ओट्यावर मोबाइल घेऊन बसले होते. तिनं सुचवलेलाच प्रसंग लिहीत होते. माझा नायक ओसरीवरून उठला, मास्तरांना म्हणाला, येतो. आणि मास्तर पेपरातून डोकं न काढता म्हणणार होते, या.

ती पायरीवर आली. अप्पा पिशवी घेऊन पुढं निघाले होते.

“येते गं अक्का.”

“हं,” मी म्हणाले.

ती थांबली. चपलेचा पट्टा नीट करत होती असं वाटलं.

“अक्का, येते म्हणलं.”

“हं, हं.”

आतून अव्वा म्हणाली, “होगी बा.” मग चपलांचा आवाज झाला. मी डोकं वर काढलं नाही. मी तेव्हा मोबाइलवर ‘या’ लिहीत होते. अवतरणचिन्हात, पुढं पूर्णविराम देऊन.

रक्त चढायच्या आधीच तिला धाप लागली. अप्पांचा फोन आला तेव्हा मी एका पोरीचा कॉलेजचा फॉर्म भरत होते. अव्वाला घेऊन मी पोचले तेव्हा तिला आतल्या खोलीत नेलं होतं. दाराला काच होती. काचेतून तिचे पाय दिसत होते, चपला नसलेले. तिथं बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. सोडत नाहीतच, त्यात त्यांची काही चूक नाही. मी तीन तास त्या दारात उभी होते. मला कुणी आत या म्हटलं नाही, आणि दिवेलागणीच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही तिला बांधावर नेलं. बसवलं. विभूती लावली. वरचे दात थोडे दिसत होते, आणि तिचा हात काही वर आला नाही. मला तो हात उचलून तोंडावर ठेवावासा वाटला. मी ठेवला नाही, लोक होते. माती पडायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? हे सगळं मी लिहिलंय. विभूती, बेल, बांध, माती. बाविसाव्या भागात. लोकांना आवडलं होतं.

त्या शुक्रवारचा भाग मी टाकला नाही. त्यानंतर एकही टाकला नाही. पहिल्या आठवड्यात कमेंट आल्या, “ताई, पुढचा भाग कधी?” मग, “असं दारात उभं करून जाऊ नका हो.” मग एकीनं लिहिलं, “त्याला आत तरी घ्या.” ती बिचारी तिच्या भाकऱ्या करता करता लिहीत असेल. तिला काय माहीत. मी फोन पालथा ठेवला.

बायकांना हा प्राणी का आवडतो, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तो एकटा असतो म्हणून. तो लाजतो म्हणून. आता वाटतं, तसलं काही नाही. तो मेलेला असतो आणि दारात येऊन आत येऊ का विचारतो, एवढंच त्याचं देखणेपण. त्याचे दात, त्याचं रक्त पिणं, सगळं आपण चालवून घेऊ. आपलं माणूस दारात येऊन उभं राहिलं तर कोण विचारत बसेल, काय पितेस म्हणून? मी माझं सगळं देईन. माझंही निम्मं सडकंच आहे, पण देईन.

मागच्या आठवड्यात अव्वा तुरी निवडत बसली होती. संध्याकाळ झालेली. आमच्यात दिवा लावायच्या वेळेला पुढचं दार उघडं ठेवतात, लक्ष्मी यावी म्हणून, आणि मग डास येतात म्हणून लावून घेतात. धाकटी गेल्यापासून अव्वा दार लावत नाही. घरभर डास झालेत. अप्पा कुरकुर करतात, मग अगरबत्ती लावतात.

मी उठून दार लावायला गेले.

“असू दे,” अव्वा म्हणाली.

“डास यायलेत.”

“येऊ दे.” तिनं तुरीतला खडा काढून बाजूला टाकला. अव्वाला वाचता येत नाही. मला वाटत होतं, माझ्या गोष्टीतलं तिला काही ठाऊक नाही. “ती मला तुझं वाचून दाखवायची,” ती म्हणाली, “दुपारच्याला, तू दुकानात असताना. समदं वाचलंय तिनं, आणि पुढं काय व्हणार ते बी सांगितलंय. त्यात ते हाय न्हाय का, एकदा या म्हटलं की मग पुन्हा इचारावं लागत न्हाय. माणूस कवा बी आत येतंय.”

“हाय,” मी म्हणाले.

“म्या त्या दिशी म्हणले होते. होगी बा म्हणले होते. आतनं म्हणले, पण म्हणले. ऐकलं असंल का गं तिनं?”

“ऐकलं असंल.”

“तू पण म्हणली असशील की.”

मी दाराची कडी धरून उभी होते. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. त्या दिवशी नाही म्हटलं, पण त्याआधी कितीदा म्हटलं होतं. दर तीन आठवड्यांनी, इतकी वर्षं, येते गं अक्का, ये. एकदा पुरतं म्हणे. पुरलं असतं तर ती केव्हाच आली असती.

“म्हणले होते,” मी सांगितलं.

“मग झालं तर,” अव्वा म्हणाली, आणि पुन्हा तुरी निवडायला लागली. अधूनमधून ती उंबऱ्याकडं बघत होती, पाहुणे यायचे असले की बघते तसं.

मी दार तसंच ठेवलं. तो नियम आम्ही दोघींनी एका दुपारी, चहा पिताना, हसत हसत रचला होता, हे मी अव्वाला अजून सांगितलेलं नाही.